बीएमपी-४ दिलं, तरी पेशी जननपेशी का होत नाही?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा होता. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींपासून आद्य जननपेशी (शुक्रपेशी आणि अंडपेशी यांच्या सुरुवातीच्या पूर्वज पेशी) करायचा प्रयत्न चालू आहे. कृती प्रकाशित, बीएमपी-४ या संकेत देणाऱ्या प्रथिनाची कुपी नवी, बाकीचे घटकही मोजून घातलेले. तरी चौथ्या-सहाव्या दिवशी पेशींच्या गोळ्यांमध्ये मध्यस्तराच्या (स्नायू, रक्त, हाड घडवणाऱ्या थराच्या) पेशींचीच गर्दी दिसते आणि जननपेशी शोधाव्या लागतात. मग संकेत पोहोचतच नाही का? त्याला जोडून दुसरी शंका: पुढे रेटिनॉइक ॲसिड (अ जीवनसत्त्वापासून तयार होणारा संकेत) दिलं की मिओसिस (गुणसूत्रं निम्मी करणारं पेशीविभाजन) सुरू होतं, असं पाठ्यपुस्तकात आहे. ते कितपत खरं?

पहिल्या शंकेचं उत्तर आधी देते. संकेत पोहोचतो आहे. मध्यस्तर झाला हाच त्याचा पुरावा. बीएमपी मिळालंच नसतं तर यातल्या बऱ्याच पेशी चेतापेशींच्या वाटेला लागल्या असत्या. बिघाड सांगणाऱ्यात नाही, ऐकणाऱ्यात आहे. तुम्ही प्रत्येक घटकाचं प्रमाण दशांशापर्यंत लिहिलं आहे, पण बीएमपी मिळालं त्या घडीला तुमच्या एपिब्लास्टसारख्या (भ्रूणाच्या ज्या थरापासून सगळं शरीर घडतं त्या थरासारख्या) पेशी किती तासांच्या होत्या, हे कुठेच लिहिलेलं नाही. मला सगळ्यात आधी तेच विचारायचं आहे.

बीएमपीचं नाव मुळात दिशाभूल करणारं आहे. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलं की खनिजं काढून टाकलेल्या हाडाचा तुकडा प्राण्याच्या स्नायूत रोवला तर तिथे नवं हाड तयार होतं. त्यामागच्या प्रथिनाला १९७१ मध्ये ‘बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन’ म्हटलं गेलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. पुढे कळलं की याच घराण्यातली प्रथिनं त्वचा घडवतात, रक्त घडवतात, हृदयाच्या घडणीत असतात, भ्रूणाच्या बोटांमधला पडदा मारून बोटं सुटी करतात आणि जननपेशीही नेमतात. एका रेणूला इतकी कामं कशी येतात? येत नाहीत. रेणू फक्त दार वाजवतो. बाहेर बीएमपीची जोडी दोन प्रकारच्या रिसेप्टरांना एकत्र आणते. एक रिसेप्टर दुसऱ्यावर फॉस्फेट चढवतो, दुसरा ते स्मॅड-१ आणि स्मॅड-५ वर चढवतो, आणि हे दोघे स्मॅड-४ ला सोबत घेऊन केंद्रकात शिरतात. तासाभराच्या आत हे सगळं उरकतं, आणि पेशी हाडाची असो की जननपेशी होऊ घातलेली असो, साखळी हीच असते. फरक पडतो तो केंद्रकात. स्मॅडची डीएनएवरची स्वतःची पकड तशी ढिली. कुठली जनुकं उघडी आहेत, कुठली मिटलेली आहेत आणि शेजारी कोणती प्रथिनं आधीच बसली आहेत, यावर ते कुठे टेकणार हे ठरतं. म्हणून एकच निरोप दोन पेशींना दोन अर्थांनी कळतो.

हे भ्रूणात कसं उलगडलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्लेटमधली चूक तिथेच सापडते.

फळमाशी, बेडूक, झेब्राफिश यांच्यात हा प्रश्नच फारसा उठत नाही. त्यांच्या अंड्यातच जननद्रव्य भरून ठेवलेलं असतं आणि ते ज्या पेशीच्या वाट्याला जाईल ती जननपेशी. ऑगस्ट वाइसमान यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या जननद्रव्याच्या कल्पनेशी हे बरंच जुळतं. सस्तन प्राण्यांत असा वारसा नसतो. उंदराच्या भ्रूणात आद्य जननपेशी १९५४ मध्ये अल्कलाइन फॉस्फटेजच्या रंगामुळे ओळखता आल्या. १९९० मध्ये गिन्सबर्ग, स्नो आणि मॅक्लॅरेन यांनी गर्भाच्या सव्वासातव्या दिवशी अलँटॉइसच्या (पुढे नाळेत जाणाऱ्या भागाच्या) बुडाशी त्यांचा छोटा पुंजका दाखवला. साधारण चाळीस पेशी. त्या आल्या कुठून? लॉसन आणि हेगे यांनी १९९४ मध्ये एकेका एपिब्लास्ट पेशीत रंग भरून तिची संतती शोधली, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. जननपेशींचे पूर्वज एपिब्लास्टच्या वरच्या कडेला, भ्रूणबाह्य ऊतीला लागून असतात. आणि त्या पूर्वजांची बाकीची लेकरं शरीराच्या इतर पेशी होतात. म्हणजे जन्मतः जननपेशी कोणीच नव्हतं.

मग टॅम आणि झोउ यांनी १९९६ मध्ये केलेला प्रयोग मला आजही सगळ्यात आवडतो, कारण त्यात महागडं काहीच नाही, फक्त हात स्थिर हवा. त्यांनी एपिब्लास्टच्या खालच्या टोकाच्या पेशी उचलल्या. या पेशी एरवी जननपेशी होत नाहीत. त्या वरच्या कडेला नेऊन बसवल्यावर मात्र त्यांच्यातून जननपेशी निघाल्या. जागा बदलली तसं भवितव्य बदललं. त्या जागी काय होतं ते १९९९ मध्ये लॉसन, हॉगन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं: भ्रूणबाह्य बाह्यस्तरातून येणारं बीएमपी-४. ते जनुक दोन्ही प्रतींत मोडलं तर एकही जननपेशी होत नाही, एका प्रतीत मोडलं तर संख्या घटते. मात्रा महत्त्वाची आहे हे इथेच कळलं, आणि बहुतेक लोकांनी नेमका तेवढाच धडा उचलला. बीएमपी-४ वाढवा, जननपेशी वाढतील! नाही वाढत.

कारण भ्रूणात बीएमपी-४ पुढेही बराच काळ असतं आणि त्याच कडेच्या शेजारी पेशी त्याच्याच साक्षीने मध्यस्तर होतात. जपानी संशोधक मितिनोरी साइतोउ यांच्या गटाने २००५ मध्ये ब्लिम्प-१ या प्रथिनाच्या मागावर जाऊन पाहिलं, तर सव्वासहाव्या दिवशी जेमतेम सहा पेशींत ते पेटलेलं होतं. त्याच गटाने २००९ मध्ये सुट्या एपिब्लास्टवर घटक एकेक करून तपासले. बीएमपी-४ एकटं पुरतं, पण एका अटीवर: एपिब्लास्टला आधी विंट-३ हे दुसरं संकेत-प्रथिन मिळालेलं असलं पाहिजे. विंट पेशीला जननपेशी करत नाही, ते तिला बीएमपी समजण्याच्या लायक करतं. आणि भ्रूणाच्या पुढच्या बाजूचा आंतरस्तर सर्बेरस, डीकेके-१, लेफ्टी-१ असे विरोधी संकेत सोडून तिथल्या पेशींना या वाटेला लागू देत नाही. बीएमपी-४ चा भाऊ बीएमपी-८बी याचं एक मोठं काम हा विरोधी आंतरस्तर आवरून धरण्याचं आहे.

आता मूलपेशींकडे या. इथे गंमत अधिक उघड दिसते. २००३ मध्ये यिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींना लिफ या मूलपेशी टिकवणाऱ्या प्रथिनासोबत बीएमपी-४ दिलं तर त्या मूलपेशीच राहतात, बदलतच नाहीत. त्याच पेशींना ॲक्टिव्हिन आणि एफजीएफ ही संकेत-प्रथिनं देऊन दोन दिवस पुढे नेलं आणि मग बीएमपी-४ दिलं, तर जननपेशी. आणखी पुढे सरकू दिलं, तर मध्यस्तर. पेशींची वंशावळ एक, कुपी एक, रिसेप्टर तेच, आणि तीन दिवसांत तीन उत्तरं. हे कळलं की तुमच्या प्लेटचं निदान निम्मं झालं.

कात्सुहिको हायाशी आणि साइतोउ यांची २०११ ची कृती म्हणूनच यशस्वी झाली. त्याआधी २००३ पासून मूलपेशींतून जननपेशी काढल्याचे दावे येत होते, पण ते बहुतेक गोळा करा, वाट बघा, आणि जे उगवेल त्यातून जननपेशी वेचा अशा पद्धतीचे होते. हायाशींनी वाट पाहिली नाही, भ्रूणाचं वेळापत्रक उचललं. मूलपेशी आधी एपिब्लास्टसारख्या केल्या, आणि दोन दिवस भरताच त्यांचे गोळे करून बीएमपी-४, बीएमपी-८बी, एससीएफ, लिफ आणि ईजीएफ दिलं. दुसऱ्या दिवशी पेशी उत्तम प्रतिसाद देतात; पहिल्या दिवशी पुरेसा नाही, तिसऱ्या दिवशी दार जवळपास बंद. त्या जननपेशींसारख्या पेशी नवजात नर उंदरांच्या रिकाम्या वृषणांत सोडल्यावर शुक्रपेशी झाल्या आणि त्यांतून पिल्लं जन्मली. २०१२ मध्ये मादीच्या पेशींतून अंडपेशी आणि पिल्लं, आणि २०१६ मध्ये अंडपेशीचा सगळा प्रवास प्राण्याच्या शरीराबाहेर.

ही खिडकी उघडते-मिटते कशाने, यावर दोन प्रयोग जरूर वाचा. पहिला २०१६ चा: नॅनॉग हे एकच प्रथिन एपिब्लास्टसारख्या पेशींत बळेच वाढवलं, तर बीएमपीविना त्या जननपेशींच्या वाटेला लागतात, मूलपेशींत तेच वाढवलं तर काही होत नाही. दुसरा २०१८ चा, आणि माझ्या मते अधिक बोलका. ओटीएक्स-२ नावाचं प्रथिन या दारावरचा पहारेकरी आहे. त्याचं जनुक काढून टाकलं, तर पेशी बाहेरून कुठलाही संकेत न घेता मोठ्या संख्येने जननपेशी होऊ लागतात. बीएमपीचं सुरुवातीचं काम म्हणजे या पहारेकऱ्याला झटपट हटवणं. याचा अर्थ असा की संकेतात जननपेशीचा नकाशा नसतोच. नकाशा पेशीत घडी घालून ठेवलेला असतो, ठरावीक वेळी ती घडी सैल होते, आणि बीएमपी तेवढ्या वेळात पहारा उठवतं.

मग मध्यस्तर इतक्या सहज का होतो? कारण दोन्ही वाटा बरंच अंतर एकत्र चालतात. विंटमुळे पेशीत टी नावाचं प्रथिन येतं, त्याचं दुसरं नाव ब्रॅकियुरी. पाठ्यपुस्तकात हे मध्यस्तराचं बोधचिन्ह आहे. पण २०१३ मध्ये दिसलं की हेच टी ब्लिम्प-१ आणि पीआरडीएम-१४ या जनुकांना चेतवतं. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या दिवशी गोळ्यात टी दिसलं म्हणून घाबरायचं नाही, ते दिसायलाच हवं. पुढे ब्लिम्प-१ शरीरपेशींची जनुकं, विशेषतः हॉक्स गटातली, दाबून टाकतं. पीआरडीएम-१४ बहुक्षमतेची (कुठलीही पेशी होऊ शकण्याची) जनुकं पुन्हा जागी करतं. टीएफएपी-२सी हे तिसरं प्रथिन दोघांना हात देतं. हे त्रिकूट जमलं तर पेशी वळण घेते. नाही जमलं तर ती सरळ चालत राहते, आणि सरळ गेलं की मध्यस्तर लागतो. तुमच्या पेशी वळणापर्यंत आल्या आहेत, वळल्या नाहीत.

आता तुमच्या टेबलाकडे. ‘दोन दिवस’ हा शब्द वहीतून काढून टाका, तास लिहा. संध्याकाळी सहाला पेरलेल्या आणि परवा दुपारी दोनला उचललेल्या पेशी ४४ तासांच्या असतात. त्याच आळसाने रात्री नऊला उचलल्या तर ५१. कागदावर दोन्ही ‘दोन दिवस’. आमच्याकडे प्रत्येक नव्या मूलपेशी-रेषेसाठी ३६, ४०, ४४, ४८ आणि ५२ तासांचे गोळे एकाच दिवशी लावून बघायचा नियम आहे. काही रेषा लवकर पिकतात, काही उशिरा, आणि हे आधी सांगता येत नाही. पेरताना पेशी दाट पडल्या तरी वेळापत्रक बिघडतं. तुम्ही सोबत पाठवलेल्या चित्रांत मला त्या जरा दाटच वाटल्या.

दुसरा संशय सिरमच्या पर्यायी मिश्रणावर. एपिब्लास्टसारख्या पेशी करताना ते फक्त १ टक्का असतं, म्हणून लोक त्याकडे लक्ष देत नाहीत. पण त्याच्या एका खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंत निकाल जमीन-अस्मान बदलताना मी पाहिले आहेत. चांगली खेप मिळाली की तिच्या बाटल्या साठवून ठेवायच्या आणि शेवटची बाटली उघडण्याआधी नवी खेप तपासून घ्यायची. यात शास्त्र कमी आणि घरकाम जास्त आहे, पण त्याला इलाज नाही.

गोळ्याचा आकारही बघा. उंदराच्या कृतीत एका गोळ्यात सुमारे २,००० पेशी असतात. तुमचे गोळे दुप्पट असतील तर आतल्या पेशींना बाहेरचं बीएमपी कमी आणि शेजाऱ्यांचं स्वतःचं विंट जास्त मिळतं, आणि मध्यस्तराकडे कल वाढतो. उलट बीएमपी-४ चं प्रमाण, जे तुम्ही दुप्पट करून पाहिलं, ते मूळ कृतीतच ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. तिथे कमतरता नाही. एससीएफ, लिफ आणि ईजीएफ हे नेमणुकीचे संकेत नाहीत, नेमलेल्या पेशी जगवण्याचे आणि वाढवण्याचे आहेत. ते जुने असतील तर जननपेशी तयार होऊन मरतात, आणि शेवटी मोजणीत फक्त मध्यस्तर उरतो. हे मात्र ‘जननपेशी झाल्याच नाहीत’ यापेक्षा वेगळं अपयश आहे. दुसऱ्या दिवशी एक गोळा फोडून पाहिलात तरच फरक कळेल.

आणि एकाच खुणेवर विसंबू नका. सुरुवातीच्या काळात मी ब्लिम्प-१ ची चमक बघून दोन महिने खूश होते. शेवटी कळलं की चमकणाऱ्यांत मोठा वाटा आंतरस्तराचा होता, कारण ब्लिम्प-१ तिथेही असतं. त्या दोन महिन्यांच्या नोंदी मी जपून ठेवल्या आहेत, नव्या मुलांना दाखवायला. उंदरात पृष्ठभागावरचे एसएसईए-१ आणि सीडी-६१ दोन्ही एकत्र पाहा, आत ब्लिम्प-१ सोबत टीएफएपी-२सी पाहा.

तुमच्या यादीत एक-दोन घटक माणसाच्या कृतीतले दिसले, म्हणून इथे थांबून सांगते: दोन्ही कृतींची खिचडी करू नका. माणसाच्या भ्रूणीय मूलपेशींना सरळ बीएमपी-४ दिलं तर त्या अपरेच्या पोषकस्तरासारख्या होतात, हे २००२ पासून ठाऊक आहे. २०१५ मध्ये अझीम सुरानी यांच्या गटाने आणि साइतोउ यांच्या गटाने जवळपास एकाच वेळी माणसाच्या आद्य जननपेशींसारख्या पेशी केल्या. दोघांच्या वाटा थोड्या वेगळ्या होत्या. साइतोउंच्या कृतीत आधी ॲक्टिव्हिन आणि विंटचा मार्ग उघडणारं रसायन देऊन पेशी मध्यस्तराच्या उंबरठ्यावर आणल्या जातात, मग बीएमपी. म्हणजे ‘आधी लायक करा, मग सांगा’ हा क्रम तोच. पण आतलं यंत्र बदललेलं. माणसात सगळ्यांच्या वर सॉक्स-१७ बसतं, ब्लिम्प-१ त्याच्या खाली. उंदरात याच टप्प्याला सॉक्स-१७ लागत नाही, ते आंतरस्तराचं म्हणून ओळखलं जातं. उंदराच्या जननपेशींत सॉक्स-२ असतं, माणसाच्या जननपेशींत नसतं. वर्षानुवर्षं आम्ही उंदरावरून माणसाचा अंदाज बांधत होतो, आणि तो इतक्या मूळ ठिकाणी चुकला.

माणसात हे बीएमपी येतं तरी कुठून? उंदरासारखा भ्रूणबाह्य बाह्यस्तर तिथे त्या रूपात नसतो. सायनोमोल्गस माकडांवर २०१६ मध्ये झालेल्या कामात पहिल्या जननपेशी नुकत्याच तयार होणाऱ्या ॲम्निऑनमध्ये दिसल्या. डुकरांवरच्या २०१७ च्या कामात त्या एपिब्लास्टच्या मागच्या बाजूला दिसल्या. डुकराचा भ्रूण माणसासारखाच चपटा असतो, त्यामुळे ते काम बाजूला सारता येत नाही. माणसाच्या भ्रूणात हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घडतं, जिथे बघायची सोय नाही. मला माकडांचा पुरावा जास्त पटतो, पण या बाबतीत मी पैज लावणार नाही.

नेमणुकीनंतरचा प्रवास तुमच्या प्लेटमध्ये घडत नाही, म्हणून थोडक्यात. भ्रूणात या पेशी मागच्या आतड्याच्या भिंतीतून वर चढत जननकड्यांपर्यंत, म्हणजे भावी वृषण-अंडाशयांपर्यंत, जातात. एससीएफ त्यांच्या किट रिसेप्टरवर बसून त्यांना जगवतं, सीएक्ससीएल-१२ त्यांना सीएक्ससीआर-४ मार्फत वाट दाखवतं. वाटेवर एससीएफ संपत गेलं की मागे राहिलेल्या पेशी बॅक्स या प्रथिनामार्फत स्वतःला संपवतात. ज्या संपत नाहीत त्यांच्यापासून शरीराच्या मध्यरेषेवर, छातीत, मेंदूत, माकडहाडापाशी जननपेशींचे अर्बुद होऊ शकतात, असं मानलं जातं. उंदरात सुरुवातीच्या त्या चाळीस पेशींच्या साडेतेराव्या दिवसापर्यंत सुमारे २५,००० होतात.

याच प्रवासात दुसरं मोठं काम उरकतं. डीएनएवरचं मेथिलीकरण (जनुकं मिटवणाऱ्या रासायनिक खुणा) जवळपास सगळं पुसलं जातं, जनुक आईकडून आलं की वडिलांकडून हे सांगणाऱ्या ठशांसकट. प्लेटमधल्या माणसाच्या पेशी नेमक्या इथे अडकून बसत. २०१८ मध्ये त्यांना उंदराच्या भ्रूणीय अंडाशयाच्या पेशींसोबत महिनोन्महिने वाढवून पुढे नेता आलं. मग २०२४ मध्ये साइतोउंच्या गटाने उंदराच्या ऊतीची मदत न घेता हा टप्पा पार केला, आणि कशाने? बीएमपीने. नेमणूक करणाऱ्या संकेतानेच, काही आठवड्यांनी मोठ्या झालेल्या पेशीला, स्वतःची पाटी पुसायला लावलं. त्या पेशींत ईआरके हा संकेतमार्ग मंदावला, मेथिलीकरण करणारी यंत्रणा खाली आली, आणि पेशी पूर्वशुक्रजननी किंवा अंडजननी होण्याकडे गेल्या. हा निबंध आला तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर कोणी पिपेट उचललं नाही.

प्रौढ शरीरातही हा अर्थबदल चालूच असतो. फळमाशीच्या अंडाशयात बीएमपीचाच भाऊ डीपीपी जननमूलपेशीला ‘बदलू नकोस’ म्हणून धरून ठेवतो. एक पेशीभर अंतर पडलं की धरणारं कोणी नाही आणि बॅम हे जनुक सुरू होतं. सूत्रकृमीत हेच काम नॉचच्या मार्गाने एकच टोकाची पेशी करते. १९८१ मध्ये किंबल आणि व्हाइट यांनी लेसरने ती जाळली, तेव्हा सगळ्या जननपेशी मिओसिसमध्ये गेल्या. उंदराच्या वृषणात जीडीएनएफ कमी पडलं तर शुक्रमूलपेशींचा साठा आटतो, जास्त झालं तर अपरिपक्व पेशींचे ढीग साचतात. यावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे नको.

आता रेटिनॉइक ॲसिड. २००६ मध्ये दोन गटांनी मांडलं की मादी भ्रूणात मूत्रांगाकडून आलेलं रेटिनॉइक ॲसिड स्ट्रा-८ हे जनुक सुरू करतं आणि मिओसिस चालू होतं. नर भ्रूणात सीवायपी-२६बी-१ हे विकर ते मोडून टाकतं, म्हणून होत नाही. गोष्ट इतकी सुबक होती की दहा वर्षं सगळ्यांनी शिकवली, मीही. मग भेगा पडल्या. २०१७ मध्ये उंदराच्या प्लेटमधल्या जननपेशींवर दिसलं की रेटिनॉइक ॲसिड एकटं पुरत नाही, सोबत बीएमपी लागतं. २०२० मध्ये बीएमपीच्या हाताखालचा झेडजीएलपी-१ सापडला, जो अंडपेशीची वाट ठरवतो. त्याच वर्षी भ्रूणीय अंडाशयातली रेटिनॉइक ॲसिड बनवणारी विकरं काढून पाहिली गेली, आणि दुसऱ्या गटाने त्याचे सगळे रिसेप्टर काढून पाहिले. दोन्हीकडे मिओसिस झालंच. स्ट्रा-८ कमी झालं, पण काम थांबलं नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: रेटिनॉइक ॲसिड मदत करतं, स्ट्रा-८ वर नेतं, पण ‘दिलं की सुरू होतं’ हे खरं नाही. डॅझल या प्रथिनाशिवाय पेशी मिओसिसचं निमंत्रण घेऊच शकत नाही, आणि तिच्या जननपेशी-जनुकांवरचं मेथिलीकरण आधी उतरलेलं असावं लागतं. सहा दिवसांच्या गोळ्यातल्या पेशी, उंदराच्या हिशेबाने, साधारण साडेनवव्या दिवसाच्या भ्रूणातल्या जननपेशींएवढ्या असतात. मिओसिस साडेतेराव्या दिवसाच्या आसपास सुरू होतं. या वयात त्यांना रेटिनॉइक ॲसिड पाजलंत तर स्ट्रा-८ चा आलेख कदाचित वर जाईल आणि तुम्हाला वाटेल काम झालं. तो आलेख मिओसिस नाही. गुणसूत्रं पसरून एसवायसीपी-३ या गुणसूत्रांच्या कण्यावर बसणाऱ्या प्रथिनाच्या पूर्ण रेषा, जोड्या जुळलेल्या आणि डीएनएमधले तुटलेले भाग सांधलेले दिसायला हवेत, प्रत्येक टप्प्याला डीएनएचं प्रमाण बरोबर भरायला हवं. हँडेल, एपिग आणि शिमेंटी यांनी २०१४ मध्ये असे निकष मांडले आहेत, आणि त्यांतला शेवटचा निरोगी पिल्लांचा आहे. कठोर वाटतात, पण मला तरी त्यांत सवलत मागावीशी वाटत नाही. २०२३ मध्ये नर उंदराच्या पेशींतून अंडपेशी करून पिल्लं जन्मली, तेव्हा ६३० भ्रूण रोवून ७ पिल्लं मिळाली होती. जननपेशी ‘दिसणं’ आणि ‘असणं’ यांतलं अंतर त्या दोन आकड्यांत आहे.

तेव्हा रेटिनॉइक ॲसिडची बाटली सध्या परत फ्रीजरमध्ये ठेवा. या आठवड्यात पेशी विरळ पेरून ४०, ४४ आणि ४८ तासांचे गोळे लावा, गोळ्यात पेशी मोजून २,००० घ्या, आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या दिवशी प्रत्येकातला एकेक गोळा टी, ब्लिम्प-१ आणि टीएफएपी-२सी साठी रंगवा. दुसऱ्या दिवशी तिन्ही दिसून सहाव्या दिवशी फक्त टी उरलं, तर मला एससीएफ आणि लिफच्या कुप्या कधी उघडल्या त्या तारखा पाठवा. दुसऱ्याच दिवशी टी एकटं असेल, तर तास चुकले आहेत.